मला वाटतं, त्यानं जावं: इंग्रजीत मत सांगताना ‘दॅट’ आणि मोडल क्रियापदं

इंग्रजी शिकणाऱ्याला घडलेली गोष्ट सांगणं लवकर जमतं. अडतं ते मत सांगताना. ‘त्यानं डॉक्टरांना दाखवावं असं मला वाटतं’ हे मराठीत सहज येतं. इंग्रजीत तेच ‘आय थिंक दॅट ही मस्ट सी अ डॉक्टर’ असं बाहेर पडतं. व्याकरणात चूक नाही, पण ऐकणारा दचकतो, कारण ‘मस्ट’ म्हटल्यावर प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसतं. म्हणायचं होतं ‘शुड’.

इंग्रजीत मताचं वजन दोन ठिकाणी विभागलेलं असतं. थोडं सुरुवातीच्या क्रियापदात: थिंक, फील, बिलीव्ह, ॲम शुअर. उरलेलं ‘दॅट’नंतरच्या गौण वाक्यात, तिथल्या मोडल क्रियापदात, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन सक्ती, सल्ला किंवा शक्यता दाखवणाऱ्या शब्दात: शुड, मस्ट, माइट, कुड. नवखा माणूस ‘आय थिंक’ नीट म्हणतो आणि मोडल मात्र हाताला लागेल ते उचलतो. मराठीत मात्र हे वजन आपण रोज अचूक तोलतो. ते इंग्रजीत कसं न्यायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगते. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, मोठ्यानं म्हणून पाहा. ही वाक्यं कानाला पटायला लागली की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: आधी मनात ‘की’चं वाक्य करा

आपल्याकडे मत सांगायच्या दोन रीती आहेत. ‘तो येईल असं मला वाटतं’ आणि ‘मला वाटतं की तो येईल’. बोलताना पहिली जास्त येते: आधी मजकूर, मग ‘असं’, मग वाटणं. इंग्रजीचा नेहमीचा क्रम दुसरीसारखा आहे. म्हणून सुरुवातीला ‘असं’चं वाक्य मनातल्या मनात ‘की’चं करून घ्या. शाळेत ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणत. ‘दॅट’ इथे तेच काम करतं.

मला वाटतं / की / तो येईल. आय थिंक / दॅट / ही विल कम.

‘दॅट’च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम द्यायचा नाही. मराठीत ‘की’नंतर तो देण्याची सवय अनेकांना असते, तीच इंग्रजीत उतरते.

‘आय थिंक’ शेवटीही येऊ शकतं: ‘हीज लेट, आय थिंक.’ तेव्हा ‘दॅट’ नसतं आणि स्वल्पविराम लागतो.

दुसरी पायरी: सुरुवातीचं क्रियापद

‘मला वाटतंय’ म्हणून ‘आय ॲम थिंकिंग दॅट’ किंवा ‘आय ॲम फीलिंग दॅट’ नको. मत सांगताना साधा वर्तमानकाळ: आय थिंक, आय फील, आय बिलीव्ह.

‘माझ्या मते’ म्हणजे ‘इन माय ओपिनियन’ किंवा ‘इन माय व्ह्यू’. ‘अकॉर्डिंग टू’ हे दुसऱ्याचा हवाला देताना वापरतात, त्यामुळे ‘अकॉर्डिंग टू मी’ इंग्रजी कानाला खटकतं. ‘इन माय ओपिनियन, आय थिंक दॅट’ असं दोन्ही लावणंही नको, एक पुरतं.

तिसरा खड्डा जास्त खोल आहे. ‘मला संशय आहे की त्यानंच ते केलं असावं’ याचं ‘आय डाउट दॅट’ केलंत, तर अर्थ उलटा होतो. ‘आय डाउट दॅट ही डिड इट’ म्हणजे त्यानं केलं असं मला वाटत नाही. संशय घ्यायचा असेल तर ‘आय सस्पेक्ट दॅट’. ‘डाउट’ म्हणजे शंका हे पाठांतर इथे फसवतं.

तिसरी पायरी: मोडल निवडणं

मूळ मोडल नऊ: कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड, मस्ट. कर्ता कोणीही असो, त्यांना ‘स’ लागत नाही आणि पुढे ‘टू’ येत नाही. ‘ही शुड टू गो’ कधीच नाही. नियम एवढाच. खरा प्रश्न कोणतं मोडल कुठे, हा आहे.

मोडल दोन वेगळी कामं करतात. एक, काय करावं हे सांगणं. दोन, काय असावं याचा अंदाज करणं. आता या वाक्यातली मराठी रूपं पाहा: ‘करावं’ आणि ‘असावं’. दोन्ही विध्यर्थ. ‘मुलांनी वेळेवर झोपावं’ हे कर्तव्य, ‘तो बहुधा घरी असावा’ हा तर्क. एकाच ‘वा’ प्रत्ययानं आपण दोन्ही कामं करतो आणि कधी गोंधळत नाही. मग ‘शुड’ आणि ‘मस्ट’ दोन्हीकडे वापरले जातात याचंही भय नको.

काय करावं हे सांगताना मराठीतल्या पायऱ्या अशा: ‘जायलाच हवं’ म्हणजे ‘मस्ट गो’. ‘जायला हवं’, ‘जावं’ म्हणजे ‘शुड गो’. ‘गेलात तर बरं’ म्हणजे ‘कुड गो’ किंवा ‘माइट वॉन्ट टू गो’. तो ‘च’ नीट ऐका. मराठी वाक्यात ‘च’ नसेल तर इंग्रजीत ‘मस्ट’ बहुधा नको.

हे मी अनुभवानं शिकले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मसुदा वाचायला पाठवला होता. मी कळवलं, ‘आय थिंक यू मस्ट चेंज द सेकंड पॅराग्राफ.’ माझ्या मनात होतं, ‘दुसरा परिच्छेद बदलायला हवा असं वाटतं.’ उत्तर दोन ओळींचं आणि कोरडं आलं. त्यांना बोचलं कुठे, हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. आज मी लिहीन, ‘आय थिंक द सेकंड पॅराग्राफ कुड बी शॉर्टर.’ यात ‘मस्ट’चं ‘कुड’ झालं आहे, शिवाय कर्ता ‘यू’ उरलेला नाही. बोट माणसाकडून परिच्छेदाकडे वळलं.

‘यू मस्ट’ नेहमीच कडू असतं असं नाही. ‘यू मस्ट कम अँड सी अस’ हे प्रेमाचं आमंत्रण आहे, आपल्या ‘यायलाच हवं हं!’सारखं. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तिथे ‘मस्ट’ गोड लागतं.

‘कुड’, ‘माइट’, ‘वुड’ मऊ का लागतात? ही ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’ यांची मुळातली भूतकाळी रूपं आहेत. भूतकाळामुळे गोष्ट जरा दूर सरकते आणि दुरून बोललेलं सौम्य वाटतं. मराठी माणसाला हे समजवावं लागू नये. ‘तुम्हाला एक विचारायचं होतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. ‘आय वुड से दॅट’ मधला ‘वुड’ त्या ‘होतं’चा सख्खा भाऊ. ‘आय वुड से दॅट वी शुड वेट’ म्हणजे ‘मी तर म्हणेन, थांबावं’.

आता अंदाजाची बाजू. रात्र झाली आहे, ओळखीच्यांच्या घरासमोर तुम्ही दोघं उभे आहात. खिडकीत दिवा दिसतो. तुम्ही म्हणता, ‘घरी असणार.’ इंग्रजीत: ‘आय थिंक दे मस्ट बी होम.’ पुरावा डोळ्यांसमोर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणून ‘मस्ट’. दिवा दिसत नाही, पण ते रोज या वेळेला परत येतात हे ठाऊक आहे: ‘एव्हाना घरी यायला हवेत.’ इंग्रजीत: ‘दे शुड बी होम बाय नाउ.’ पुरावा नाही, रोजच्या क्रमावरून अपेक्षा आहे, म्हणून ‘शुड’. काहीच ठाऊक नाही: ‘असतील घरी’ किंवा ‘असू शकतील’. इंग्रजीत: ‘दे माइट बी होम’ किंवा ‘दे कुड बी होम.’ आणि गाडीच दारात नाही: ‘घरी असणं शक्य नाही.’ इंग्रजीत: ‘दे कान्ट बी होम.’

या शेवटच्या वाक्यात बहुतेक जण अडखळतात. अंदाजाच्या ‘मस्ट बी’चं नकारार्थी रूप सहसा ‘कान्ट बी’. अमेरिकन बोलण्यात ‘दे मस्ट नॉट बी होम’ असंही ऐकू येतं, पण ब्रिटिश वापरात ‘मस्ट नॉट’ म्हणजे प्रामुख्यानं मनाई. ‘यू मस्टन्ट गो’ म्हणजे ‘जाऊ नकोस’. ‘जायची गरज नाही’ हे वेगळं: ‘यू डोन्ट हॅव टू गो.’

अपेक्षेचं ‘शुड’ होऊ घातलेल्या, बहुधा हव्याशा गोष्टींना शोभतं. ‘शी शुड बी बेटर बाय टुमॉरो’ छान आहे. ‘शी शुड बी इल बाय टुमॉरो’ ऐकून समोरचा चमकेल, कारण त्यातून तिनं आजारी पडावं ही तुमची इच्छा दिसते.

आणि ‘शकतो’. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ याचं ‘इट कॅन रेन टुमॉरो’ करू नका. एखादी गोष्ट एरवी घडू शकते हे सांगायला ‘कॅन’ चालतं: ‘विंटर्स हिअर कॅन बी हार्श.’ एका ठरावीक वेळच्या शक्यतेला ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ लागतं: ‘आय थिंक इट माइट रेन टुमॉरो.’

चौथी पायरी: दोन्ही वजनं जुळवा

सुरुवातीचं क्रियापद आणि आतलं मोडल एका दिशेनं ओढणारं हवं. ‘आय ॲम शुअर दॅट शी मस्ट बी टायर्ड’: खात्री आणि निष्कर्ष जुळले. ‘आय थिंक शी माइट बी टायर्ड’: दोन्ही हलके, जुळले. पण ‘आय ॲम शुअर दॅट शी माइट बी टायर्ड’ म्हणजे ‘मला खात्री आहे की ती कदाचित दमली असेल’. मराठीतही ते डळमळतं. लिहून झालं की हीच कसोटी लावा: वाक्य मराठीत म्हणा आणि खटकतं का पाहा.

पाचवी पायरी: ‘नाही’ कुठे ठेवायचं

इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ असं आपण म्हणतोच. इंग्रजीतही ‘नॉट’ सुरुवातीच्या क्रियापदाकडे जाणं पसंत करतं: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम.’ ‘आय थिंक ही वोन्ट कम’ चूक नाही, पण जास्त ठाम आहे. सल्ला देताना हा फरक जपा. ‘आय डोन्ट थिंक यू शुड साइन’ सौम्य, ‘आय थिंक यू शुडन्ट साइन’ रोखठोक. ‘होप’ मात्र या चालीत बसत नाही. ‘आय डोन्ट होप’ नाही, ‘आय होप ही वोन्ट साइन.’

सहावी पायरी: ‘त्यानं जावं’ची वाक्यं

मला सगळ्यात आवडणारी जागा ही. इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत तिला अवघड म्हणून शेवटी ढकलतात, आणि मराठी माणसाला ती जवळजवळ फुकट मिळते.

सजेस्ट, रेकमेंड, प्रपोज, इन्सिस्ट, डिमांड या क्रियापदांनंतर आणि इम्पॉर्टंट, इसेन्शियल अशा विशेषणांनंतर ‘दॅट’चं वाक्य येतं. त्यात ब्रिटिश माणूस बहुधा ‘शुड’ घालतो: ‘आय सजेस्ट दॅट ही शुड रेस्ट.’ अमेरिकन माणूस नुसतं मूळ क्रियापद ठेवतो: ‘आय सजेस्ट दॅट ही रेस्ट.’ ‘ही’ असूनही ‘रेस्ट्स’ नाही. भूतकाळातही तसंच: ‘आय सजेस्टेड दॅट ही रेस्ट.’ नकारात नुसतं ‘नॉट’: ‘आय सजेस्ट दॅट ही नॉट गो.’

विचित्र वाटतं? मग मराठीत म्हणा: ‘त्यानं विश्रांती घ्यावी असं मी सुचवतो.’ ‘त्यानं विश्रांती घ्यावी असं मी सुचवलं.’ दोन्हीकडे ‘घ्यावी’. आपणही काळ बदलत नाही, कारण ‘घ्यावी’ हे घडलेलं नाही, मनातलं आहे. इंग्रजीतलं ते उघडं ‘रेस्ट’ किंवा ‘शुड रेस्ट’ म्हणजे आपलं ‘घ्यावी’. मराठी वाक्यात असं इच्छेचं (तर्काचं नव्हे) ‘वं, वा, वी’ ऐकू आलं की इंग्रजीत ‘शुड’ किंवा मूळ रूप, ही खूण क्वचितच फसते.

एक ‘ज’ किती फरक करतो ते पाहा. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी स्टेज देअर’ म्हणजे ‘ती तिथे राहते, असं तो ठासून सांगतो’. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी स्टे देअर’ म्हणजे ‘तिनं तिथे राहावं, असा त्याचा आग्रह आहे’. ‘राहते’ आणि ‘राहावं’. पहिलं माहितीचं वाक्य, दुसरं इच्छेचं. इंग्रजी वाक्यात हा सगळा भेद शेपटीच्या एका आवाजात मावला आहे.

‘सजेस्ट’बद्दल आणखी एक: ‘सजेस्ट मी टू गो’ होत नाही. ‘सजेस्ट दॅट आय गो’ किंवा ‘सजेस्ट गोइंग’.

याच जागी ‘शुड’चा एक वापर असा आहे की त्याला कर्तव्याशी काही देणंघेणं नाही. ‘इट्स स्ट्रेंज दॅट ही शुड से सच अ थिंग.’ त्यानं म्हणायला हवं, असा अर्थ लावलात तर वाक्य कळणारच नाही. मराठीत: ‘त्यानं असं म्हणावं, याचं नवल वाटतं.’ तो म्हणून बसलाय. ‘म्हणावं’मध्ये आपली हळहळ आहे, नवल आहे. ‘आय ॲम सॉरी दॅट यू शुड हिअर इट लाइक धिस’: ‘तुम्हाला हे असं कळावं, याचं वाईट वाटतं.’ जुळी भावंडंच.

सातवी पायरी: भूतकाळ

‘मला वाटलं, तो येईल.’ आपण ‘येईल’ तसंच ठेवतो. इंग्रजी ठेवत नाही: ‘आय थॉट ही वुड कम.’ सुरुवातीचं क्रियापद भूतकाळात गेलं की विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट. ‘शुड’ आणि ‘माइट’ जागचे हलत नाहीत. ‘मस्ट’ही बहुधा तसंच राहतं: ‘शी सेड दॅट आय मस्ट सी इट.’ ‘मस्ट’ हेच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं. मूळ क्रियापद वापरातून गेलं आणि हे वर्तमानाच्या अर्थानं उरलं, त्यामुळे त्याला वेगळा भूतकाळ उरला नाही.

झालेल्या गोष्टीवर मत द्यायचं तर मोडलपुढे ‘हॅव’ आणि तिसरं रूप. ‘ती गेली असणार’: शी मस्ट हॅव गॉन. ‘गेली असेल’: शी माइट हॅव गॉन. ‘गेली असणं शक्य नाही’: शी कान्ट हॅव गॉन. ‘जायला हवं होतं’: शी शुड हॅव गॉन, म्हणजे गेली नाही. ‘सांगता आलं असतं तुला’: यू कुड हॅव टोल्ड मी, म्हणजे सांगितलं नाहीस, हा रुसवा. कर्ता ‘शी’ असला तरी ‘हॅज’ नाही. बोलताना ते ‘शुडव्ह’, ‘मस्टव्ह’ असं ऐकू येतं. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेलेही पुष्कळदा ‘शुड ऑफ’सारखं चुकीचं लिहितात. तुम्ही ‘शुड हॅव’च लिहा.

आठवी पायरी: ‘दॅट’ ठेवायचं की गाळायचं

थिंक, से, नो, होप, सपोज यांच्यानंतर बोलताना ते बहुधा गळतं. प्रत्येक वाक्यात ‘दॅट’ म्हणणारा माणूस लिहिलेलं वाचून दाखवतोय असं वाटतं. ठेवायचं कुठे? औपचारिक लिखाणात, आणि आर्ग्यू, सजेस्ट, रेकमेंड अशा वजनदार क्रियापदांनंतर. नामानंतरही: ‘द आयडिया दॅट वी शुड वेट’. दोन मतं ‘अँड’नं जोडली असतील तर दुसऱ्याआधी नक्की: ‘आय थिंक दॅट ही शुड रेस्ट अँड दॅट यू शुड गो.’ ते गाळलं तर दुसरा भाग मत आहे की स्वतंत्र हुकूम, कळत नाही.

वेळ सांगणारा शब्द मध्ये आला तर ‘दॅट’ची किंमत कळते. ‘ही सेड येस्टरडे दॅट ही माइट लीव्ह’ यात ‘काल’ हे सांगण्याला चिकटतं, जाण्याला नाही. ‘दॅट’ तिथे भिंत घालतं.

एका ठिकाणी मात्र ते चालतच नाही. ‘तुझ्या मते कोणी जायला हवं?’ याचं ‘हू डू यू थिंक शुड गो?’ होतं. ‘हू डू यू थिंक दॅट शुड गो?’ नाही. प्रश्न कर्त्याबद्दल असेल, म्हणजे मोडलच्या आधीची जागा रिकामी झाली असेल, तर ‘दॅट’ काढा. ‘व्हॉट डू यू थिंक ही शुड डू?’ मध्ये मात्र कर्ता जागेवर आहे. तिथेही बोलताना ते नसतंच.

म्हणून पाहताना

हे ‘दॅट’ ‘ते’ या अर्थाच्या ‘दॅट’इतकं ठसठशीत म्हणायचं नाही. ते विरघळतं, जवळजवळ ‘दट’. जोर कुठे द्यायचा, त्यावरही मत बदलतं. ‘आय थिंक शी विल कम’ हे दोनदा म्हणा. एकदा ‘कम’वर जोर द्या: येईल, माझा विश्वास आहे. दुसऱ्यांदा ‘थिंक’वर, आवाज जरा वर नेऊन: मला आपलं वाटतंय, खात्री नाही. ‘येईल असं वाटतं…’ म्हणताना ‘वाटतं’ लांबवून आपण हेच करतो. लिहिताना हा जोर दाखवता येत नाही, म्हणून कागदावर शंका ‘माइट’मध्ये घालायची: ‘आय थिंक शी माइट कम.’